नवसाचं पोर आणि काळा ख्रिस्त : सूझाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि सोबत त्याचं एक क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र छापलं होतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. काही जण चिडलेत, काही हळवे झालेत, एका आईनं तर तीन पानी पत्र पाठवलंय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते, पूर्ण सदर सूझालाच देऊन टाकते.

प्रश्न : ते चित्र बघून अंगावर काटा आला. इतका भयंकर ख्रिस्त काढणारा माणूस देव मानायचा तरी का? का त्याला धर्माचा नुसता रागच होता? (रत्नागिरीहून एक वाचक)

काटा आला ना, मग चित्रानं त्याचं काम केलंय असं मी म्हणेन. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, त्यासाठी साळगावला जावं लागेल, गोव्यात, १९२४ सालात, तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं.

१२ एप्रिल १९२४ ला हा मुलगा जन्मला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच वडील गेले, पाठोपाठ मोठी बहीणही गेली. आई तरुण विधवा. ती पोराला घेऊन मुंबईला आली आणि शिवणकाम, भरतकाम करून पोट भरायला लागली. त्यात या पोराला देवी आल्या. त्या काळात देवी म्हणजे काय ते आपल्या आजी-पणजीला विचारा, घरात एक पोर गेलेलं असताना दुसऱ्याच्या अंगावर फोड उठले की त्या बाईचं काय झालं असेल. तिनं नवस बोलला. गोव्यात ज्याला 'गोंयचो सायब' म्हणतात त्या सेंट फ्रान्सिस झेवियरला बोलली, पोर वाचलं तर त्याला पाद्री करीन. पोर वाचलं, चेहऱ्यावर वण घेऊन वाचलं, आणि त्याच्या न्यूटन या नावाच्या आधी त्या संताचं फ्रान्सिस हे नाव लागलं.

म्हणजे बघा, हा मुलगा धर्माला आधीच देऊन टाकलेला होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडेही देवाला सोडलेली मुलं-मुली होत्या, त्यामुळे हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. सही करताना, कुणी हाक मारली तरी, प्रत्येक वेळी तो नवस समोर उभा. आणि तो पाद्री झाला नाही. माझं मत विचाराल तर त्याचं पुढचं सगळं आयुष्य हे त्या न फेडलेल्या नवसाशी चाललेलं भांडण आहे, आणि ज्याच्याशी आपण सत्तर वर्षं भांडतो त्याला आपण सोडलेलं नसतं.

त्यानं स्वतः १९५९ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की चर्चचा त्याच्यावर जबरदस्त परिणाम झाला, पण तो शिकवणुकीचा नाही, तर तिथल्या भव्य वास्तूचा, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या, थाटाचा, पाद्र्यांच्या भरजरी झग्यांचा, धुपाच्या वासाचा, सोनेरी आणि भडक रंगांत रंगवलेल्या लाकडी संतांचा. आणि सगळ्यात जास्त त्या प्रचंड क्रुसाचा, ज्याच्यावर एक माणूस ठोकलेला आहे, फटके खाल्लेला, रक्त गळणारा, काट्यांच्या मुकुटात केस गुंतलेला.

साळगावचं चर्च तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा पाहाच. माय द देउश, १८७३ सालचं, पांढरंशुभ्र, गॉथिक पद्धतीचं, टोकदार मनोऱ्यांचं, भाताच्या खाचरांच्या मागून ते दिसतं तेव्हा कुणीतरी कागद कापून उभा केल्यासारखं वाटतं. मी पावसाळ्यात गेले होते, आतमध्ये ओल्या छत्र्यांचा वास आणि मेणबत्त्या. एक चार-पाच वर्षांची मुलगी आजीचा हात धरून उभी होती आणि एकटक त्या क्रुसाकडे बघत होती, आजी पुटपुटत होती पण मुलीचं लक्ष खिळ्यांकडे. सूझा मला तिथं समजला. मोठी माणसं क्रूस बघतात तेव्हा त्यांना अर्थ दिसतो, तारण वगैरे, लहान मुलाला हातात घुसलेला खिळा दिसतो, आणि सूझानं शेवटपर्यंत तो खिळाच बघितला.

लंडनच्या टेट संग्रहालयात त्याचं 'क्रुसिफिक्शन' आहे, १९५९ चं. त्यातला ख्रिस्त काळा आहे, काटेरी रेघांनी बनलाय, गोरा, निळ्या डोळ्यांचा, शांत मान कलती केलेला जो कॅलेंडरवर असतो तो नाहीच. मला तो राग वाटत नाही, मला तो हट्ट वाटतो. तुम्ही म्हणता ना की याला यातना झाल्या, मग त्या यातना मला दाखवा, गुळगुळीत करून देऊ नका, असा तो हट्ट आहे.

आता 'मानायचा का' हे राहिलंच. रूढ अर्थानं नाही, चर्चचे नियम त्यानं पाळले नाहीत, मध्ये कम्युनिस्ट पक्षातही जाऊन आला, आणि तिथली शिस्तही त्याला मानवली नाही. म्हातारपणी तो निसर्ग हेच एकमेव तत्त्व आहे असं बोलायचा. पण आपल्याकडे जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्यात, नामदेव त्याच्या दारातून रागावून माघारी निघालेत, आणि आपण त्यांना नास्तिक म्हणत नाही. सूझा संत नव्हता, भक्त तर नव्हताच, तेव्हा तुलना इथंच थांबवते. एवढंच सांगायचंय की देवाशी चढ्या आवाजात बोलणं आपल्याला काही नवीन नाहीये.

प्रश्न : मी चित्रकलेच्या फाउंडेशन वर्षाला आहे. सूझाला शाळेतून आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून दोन्हीकडून काढलं होतं हे खरंय का? आणि ते धर्मामुळे का? आमच्या होस्टेलवर यावर पैज लागलीय. (एक विद्यार्थी)

दोन्ही खरंय, पण धर्म थेट कारण नाही, त्यामुळे पैज कोण जिंकलं ते तुमचं तुम्ही ठरवा.

शाळा जेझुइट पाद्र्यांची होती, मुंबईतली. पंधरा-एक वर्षांचा असताना संडासाच्या भिंतीवर अश्लील चित्रं काढल्याचा आरोप आला आणि नाव काढून टाकलं. त्याचं म्हणणं असं होतं की चित्रं आधीच कुणीतरी काढलेली होती, फार वाईट काढली होती, मी फक्त दुरुस्त केली. मला हे पटतं, कारण मी अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवलीय आणि ज्याचा हात चांगला असतो ना त्याला वाकडी रेघ बघवत नाही, मग ती कुठंही असो. पण एक गोष्ट लक्षात घे, ज्या मुलाला आई पाद्री करणार होती त्याला पाद्र्यांनीच बाहेर काढलं. घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल त्यानं.

मग १९४० ला जे. जे. मध्ये गेला. तेव्हा तिथले प्रमुख चार्ल्स जेरार्ड म्हणून इंग्रज होते. ते दिवस चले जाव चळवळीचे, विद्यार्थी पेटलेले, आणि त्यात भाग घेतल्यावरून १९४५ ला हा बाहेर. सांगतात की त्या दिवशी घरी येऊन त्यानं रागारागात पॅलेट नाइफनं, म्हणजे ब्रश बाजूला ठेवून सुरीनंच रंग थापत एक निळी बाई रंगवली. तू फाउंडेशनला आहेस तर एकदा करून बघ, सुरीनं रंगवताना हात थांबवता येत नाही, खोडता तर येतच नाही. त्याची पुढची सगळी शैली त्या धसमुसळेपणातून आलीय असं मला वाटतं.

आणि हो, काढून टाकलं म्हणून तो मोठा झाला असं समजू नकोस. काढून टाकलेली शेकडो मुलं असतात. वर्ग बुडवू नकोस.

प्रश्न : आम्ही वसईचे, पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती. तुम्ही छापलेलं चित्र माझ्या आईनं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या देवाची अशी विटंबना तुम्ही कौतुकानं का छापता? हाच माणूस एकीकडे नग्न बायका रंगवायचा आणि दुसरीकडे ख्रिस्त. दुसऱ्या धर्माच्या देवाचं असं छापाल का? (एक वाचक, वसई)

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आधी आईंची माफी मागते, मनापासून. चित्र छापताना आजूबाजूला चार ओळींचा संदर्भ द्यायला हवा होता, तो दिला नाही, आणि देवघरात अंक ठेवणारी माणसं आपल्या वाचकांत आहेत हे मी विसरले. ही माझी चूक.

पण विटंबना या शब्दावर मला थोडं बोलू द्या, तुम्हाला पटेलच असा आग्रह नाही.

जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डनं १५१२ ते १५१६ च्या दरम्यान एक वेदीचित्र रंगवलं, आज ते फ्रान्समध्ये कोलमार गावात आहे. त्यातला क्रुसावरचा ख्रिस्त बघवत नाही हो, अंगभर फोड, कातडी हिरवट, बोटं वेडीवाकडी ताठरलेली. आणि ते चित्र कुठं लावलेलं होतं? सेंट अँथनीच्या मठाच्या इस्पितळात. तिथं अर्गटच्या विषबाधेचे रोगी यायचे, बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन हातपाय सडायचे, अंगाची आग व्हायची. त्या रोग्यांना त्या चित्रासमोर आणायचे. त्यांनी वर बघितलं की काय दिसायचं, की देवाच्या अंगावरही माझ्यासारखेच फोड आहेत. चर्चनं स्वतः हे चित्र करून घेतलं होतं, कुणी त्याला विटंबना म्हटलं नाही.

आता सूझाचा तो देवीचे वण असलेला चेहरा आठवा. त्यानं काढलेल्या डोक्यांवर, ख्रिस्ताच्याही, रेघांचे ओरखडे असतात, ठिपके असतात, जखमा टाके घालून शिवल्यासारख्या दिसतात. मुंबईत एका प्रदर्शनात मी त्याच्या एका डोक्यासमोर बराच वेळ उभी होते, नाक लागेल इतक्या जवळ. लांबून ते रागीट वाटतं, डोळे अक्षरशः कपाळात गेलेले, म्हणजे खरोखरच कपाळावर काढलेले, दात बाहेर. जवळून बघितलं तर काळ्या रेघेचा रंग इतका जाड की वाळून त्याचा बांध झालाय, आणि गालावर छोट्या छोट्या आडव्या रेघा, एकीला दुसरी काटकोनात. मला पटकन काय आठवलं सांगू, माझ्या आत्याचं भरतकाम, उलट्या बाजूनं बघितलेलं. सुलट बाजूला मोर असतो आणि उलट बाजूला नुसत्या गाठी आणि टाके. सूझाची आई दिवसभर हेच करायची, पोर शेजारी बसून बघत असणार. हे माझं वाटणं आहे, त्यानं तसं कुठं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून मला ती डोकी चिडलेली वाटत नाहीत, कुणीतरी घाईघाईनं, उसवू नये म्हणून शिवलेली वाटतात.

आणि त्याच्या चित्रांतल्या बाणांचाही एक संदर्भ आहे. १९५५ मध्ये त्यानं 'मिस्टर सेबॅस्टियन' काढला. संत सेबॅस्टियनची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, रोमन सैनिक, ख्रिस्ती झाला म्हणून बांधून बाण मारले. युरोपातल्या चित्रकारांनी त्याला शतकानुशतकं देखणा उघडा तरुण म्हणून रंगवलाय, बाण जणू दागिने. सूझानं त्याला कोट घातला, टाय बांधली, आणि बाण चेहऱ्यात आणि मानेत. नावाआधी मिस्टर लावलं. हा थट्टेचा प्रकार आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटतं लंडनमध्ये उपाशीपोटी फिरणाऱ्या एका काळ्या-सावळ्या गोवेकरानं कोट-टायवाली माणसं रोज बघितली आणि त्याला कळलं की हुतात्मे आता असेही दिसतात. संताला त्यानं खाली ओढलं असं म्हणता येईल, किंवा ट्राममधल्या कारकुनाला वर उचललं असंही म्हणता येईल. मी दुसरं म्हणते.

नग्न बायकांचं म्हणाल तर तिथं मी त्याची वकिली करणार नाही. काही चित्रं फार ताकदीची आहेत, मथुरेच्या आणि खजुराहोच्या शिल्पांतून उचललेली, १९५५ चं 'बर्थ' हे बाळंत होणाऱ्या बाईचं मोठं चित्र तर फारच, ते २०१५ साली चाळीस लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. पण काही चित्रांत बाईबद्दल खुन्नस दिसते, ती मला बाई म्हणून टोचते, आणि ती टोचू नये असं मी स्वतःला समजावत नाही. आयुष्यातही त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकांनी खूप सोसलं. १९४९ ला तो लंडनला गेला तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं कुणी विचारत नव्हतं, दारूही फार होती, आणि तेव्हा घर चालवलं ते मारियानं, त्याच्या पहिल्या बायकोनं. कलावंत म्हणून त्याला जे द्यायचं ते देऊया, पण मारियाच्या वाट्याचं त्याच्या खात्यात जमा करायला नको.

फक्त एक, त्याच्या नग्न चित्रांत आणि ख्रिस्तात तुम्हाला जो विरोध दिसतो तो त्याला दिसत नव्हता. त्याच्या लेखी क्रुसावरही एक उघडं शरीरच होतं, आणि लहानपणी मिस्सेला बसून इतका वेळ बघितलेलं ते पहिलं उघडं शरीर. हे ऐकायला जड आहे, मला कळतं.

'दुसऱ्या धर्माचं छापाल का' याचं उत्तर, हो, संदर्भासकट छापीन. आणि पुढच्या वेळी संदर्भ आधी, चित्र नंतर.

आईंना एक विनंती कराल का? जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, गोव्याला जाल तेव्हा त्यांना तिथं घेऊन जा. लाकडाचे, हस्तिदंताचे संत, देवदूत, क्रूस. अशा मूर्ती घडवणाऱ्यांत इथले हिंदू कारागीरही असायचे, म्हणून काही संतांच्या चेहऱ्यात, बसण्यात आपल्या मूर्तींची झाक दिसते. सूझाचा ख्रिस्त ज्या घरात जन्मला ते घर त्यांना तिथं दिसेल, आणि तिथं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते वेगळं असेल.

प्रश्न : त्याच्या ग्रुपमधले बाकीचे लोक धर्माबाबत कसे होते? (पुण्याहून एक वाचक)

थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकावर वेगळा लेख होईल. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ ला मुंबईत झाला, पुढाकार सूझाचाच, आणि सोबत चित्रकार रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. म्हणजे एक कॅथलिक गोवेकर, दोन मुसलमान, तीन हिंदू, आणि फाळणीचं वर्ष. त्या वर्षी ही पोरं एका खोलीत बसून रंगांवर भांडत होती याचंच मला अजून अप्रूप वाटतं.

हुसेन पंढरपूरचे, मुसलमान घरातले, पण रामायण-महाभारत त्यांनी आयुष्यभर रंगवलं. रझांना मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता, चित्त ठरत नव्हतं म्हणून, आणि पुढे तोच बिंदू होऊन त्यांच्या कॅनव्हासवर बसला, फ्रान्समध्ये साठ वर्षं राहूनही तो हलला नाही. दोघांनी धर्मातली प्रतीकं प्रेमानं उचलली, सूझानं ओरबाडून. स्वभाव, दुसरं काय.

प्रश्न : ती पूर्ण काळी चित्रं काय आहेत? फोटोत तर काहीच दिसत नाही. (एक वाचक)

फोटोत दिसणारच नाहीत. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यानं काळ्यावर काळा अशी चित्रं केली आणि १९६६ ला लंडनमध्ये मांडली. रंग एकच, फरक फक्त थराचा आणि फटकाऱ्याच्या दिशेचा. समोर उभं राहिलं तर आधी नुसतं काळं फाडलेलं आकाश, मग तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकता, उजेड तिरका पडतो आणि एक नाक उगवतं, मग डोळा.

गाभाऱ्यात गेल्यावर असंच होतं ना आपलं? बाहेरच्या उन्हातून आत आलो की आधी काहीच दिसत नाही, काळ्या दगडाची मूर्ती काळ्या अंधारात, मग समईच्या उजेडात हळूहळू नजर बसते आणि आधी डोळे दिसतात. त्या चित्रांसमोर थांबावं लागतं, फोनवर अंगठ्यानं सरकवून पुढं जाता येत नाही. प्रत्यक्ष बघायला मिळाली तर सोडू नका.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, चित्रकला शिकतोय. गेल्या वर्षापासून गणपतीत आरतीला उभा राहत नाही, देवघराकडे फिरकत नाही. पण वहीत मात्र सारखे देवांचेच चेहरे काढतो, तेही वेडेवाकडे, एकात तर गणपती रडतोय. त्याच्या बाबांनी रागाच्या भरात ती वही फाडली. तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. सूझाबद्दल वाचलं आणि भीती वाटली, हा पण असाच होणार का? घर सोडून जाईल का? (एक आई)

ताई, तुमचं तीन पानी पत्र मी इथं चार ओळींत आणलंय, त्याबद्दल रागावू नका.

सूझासारखा होईल का, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि व्हावं असं मी म्हणणारही नाही, त्या आयुष्यात फार ओढाताण होती. शाळा गेली, कॉलेज गेलं, मुंबईत नग्न चित्रांवरून पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं आणि त्यानं देश सोडला. पुढे नाव झालं, १९५५ ला लंडनच्या गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं, १९५८ ला न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ब्रिटनतर्फे निवडलेल्या पाच चित्रकारांत तो होता, १९६७ ला तो न्यूयॉर्कला गेला, आणि २८ मार्च २००२ ला वारला तो मुंबईत, ज्या शहरात आईनं त्याला कडेवर घेऊन आणलं होतं. शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरलंय त्याला. म्हणजे इतकं भांडून शेवटची जागा क्रुसांच्या रांगेतच मिळाली.

पण तुमच्या पत्रात मला जे दिसतंय ते तुम्ही बहुतेक बघितलेलं नाही. तुमचा मुलगा देवघरात येत नाही पण देव काढतोय. ज्याला देवाचं काही पडलेलं नसतं ना, तो देव काढत नाही, तो मोटारसायकली काढतो. मी इतकी वर्षं शिकवलं, वर्गातली निम्मी मुलं सांगितल्याशिवाय देवाच्या वाटेला जात नाहीत. हा मुलगा रात्री बसून रडणारा गणपती काढतो, तर त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय जे आरतीला टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात चालत नाही. गणपती का रडतोय हे विचारलंत का त्याला? कदाचित विसर्जनानंतर किनाऱ्यावर पडलेल्या अर्धवट मूर्ती त्यानं बघितल्या असतील, कदाचित घरात काही झालं असेल, कदाचित त्यालाही माहीत नसेल. पण विचारा. आणि विचारताना आवाजात 'हे काय काढलंस' असं येऊ देऊ नका, नुसतं 'हा रडतोय का रे' एवढंच.

आरतीला ये म्हणून जबरदस्ती करू नका. सूझाला धर्म मिळाला तो दुसऱ्याच्या शब्दापोटी मिळाला, आईनं संकटात दिलेला शब्द, आणि मी त्या आईला दोष देत नाही, मी असते तर मीही बोलले असते. पण तो शब्द पोराच्या मानेवर बसला तो बसलाच. तुमच्या मुलाच्या मानेवर काही बसवू नका. दार उघडं ठेवा, प्रसादाची वाटी त्याच्या खोलीत नेऊन द्या, खाल्ला तर खाल्ला.

बाबांबद्दल. ते वाईट नाहीयेत, त्यांना अपमान वाटला, आपल्या घरातल्या देवाचा आणि आपलाही. पण वही फाडणं हे फार मोठं झालं, चित्रकाराची वही म्हणजे त्याची उघडी छाती असते, ती फाडल्यावर पोरगं बोलत नाही यात नवल नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की पानं तुम्ही उचलून कपाटात साड्यांखाली ठेवलीत. बरं केलंत. आता ती बाहेर काढा, जेवणाच्या टेबलावर पसरा, आणि बाबांना सोबत बसवा. साधी सेलोटेप नको, ती दोन-तीन वर्षांत पिवळी पडून कागद खाते. स्टेशनरीच्या दुकानात आम्लरहित कागदी टेप मागा, नाही मिळाली तर पातळ टिश्यू कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या कणकेची शिजवलेली खळ, पुस्तकं बांधणारे जुने लोक तीच वापरतात. मागच्या बाजूनं लावा, चित्राच्या अंगावर नाही. फाटलेल्या कडा एकमेकींत नीट बसवायला चार हात लागतात, दोन माणसांशिवाय जमत नाही.

रडणाऱ्या गणपतीचं पान बाबांना जोडायला द्या.